रूप घेणारी पोर

सगुणाच्या घरात मुलगी जन्मून इतकी वर्षं झाली होती की त्या घराण्यातली शेवटची मुलगी पणजी होऊन, उरणकडच्या आपल्या सासरी, म्हातारपणानं वारलीसुद्धा होती. त्यानंतर नुसते मुलगे. सगुणाला तीन, धाकट्या दिराला दोन, चुलत दिराला चार, आणि ते चारही एकाच मोटरसायकलवरून हिंडायचे. दारातली शेळी व्यायली तरी बोकडच. मांजरीला पिल्लं झाली तेव्हा सगुणानं एकेक पिल्लू उचलून, उलटं करून पाहिलं आणि काही न बोलता परत टोपलीत ठेवलं.

गाव पेणच्या खाडीकडचं. बांधाच्या आत भातशेती, बांधाबाहेर मिठागर. नवरा काळुराम मिठागरावर जायचा. थोरला प्रविण धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. धाकटे दोघे पनवेलला खोली करून राहायचे आणि फक्त सुकट संपली की घरी यायचे. घरात बाईमाणूस म्हणजे सगुणा, आणि आता प्रविणची बायको प्रतिक्षा. प्रतिक्षाला दिवस गेले तेव्हा सगुणानं देवळात जाऊन जे मागितलं, ते गुरवानं तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"मुलगा ना, बाय?"

"मुलगी."

गुरवाला या मागणीची सवय नव्हती. नारळ फोडायच्या आधी त्यानं एकदा काळुरामकडं बघून घेतलं.

आता, गावात कुणालाही दिवस गेले की पोटात काय आहे ते सांगायचं काम सगुणाचंच. पोट टोकदार का पसरट, उंबरठा ओलांडताना पुढं कुठला पाय, कुशीवरून उठताना टेका कुठल्या हाताचा, खावंसं काय वाटतं, हे सगळं ती बघायची. शिवाय मीठ होतं. बाईला कळू न देता तिच्या केसांत चिमूटभर मीठ टाकायचं. हात आधी डोक्याकडं गेला तर मुलगा, तोंडाकडं गेला तर मुलगी. मिठागराच्या गावात या कामी कुणी कंजुषी करत नव्हतं, त्यामुळं गावातल्या पोटुशा बायकांच्या डोक्यात कोंडा कमी आणि मीठ जास्त असायचं.

सगुणाचं सांगणं निम्म्या वेळा बरोबर यायचं. ज्यांचं बरोबर आलं त्या बायका पेढे घेऊन यायच्या आणि आयुष्यभर ते सांगत फिरायच्या. ज्यांचं चुकलं त्या बाळंतपणाच्या गडबडीत विसरून जायच्या. त्यामुळं गावाच्या लेखी ती कधीच चुकली नव्हती. एकीला जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी, तेव्हा तर गावातल्या दोन्ही आळ्यांनी तिला साडी नेसवली.

प्रतिक्षाची सोनोग्राफी झाली तेव्हा सगुणा बरोबर गेली होती. पेणला, रामवाडीच्या पुढं. भिंतीवर पाटी होती, की इथं गर्भलिंगनिदान केलं जात नाही. सगुणानं ती प्रविणकडून वाचून घेतली आणि तिला ते काही पटलं नाही.

"करत नाय, तर लिवायचं कशाला?" ती म्हणाली. "मी पण दारावर लावतंय मग. इथं विमान दुरुस्त होत नाय."

पण तिला मशीनची गरजच नव्हती. तिच्याकडं मुख्य खूण होती. पोटात मुलगी असली की ती आईचं रूप काढून घेते, थोडं थोडं, रोज. आईचं नाक फुगतं, ओठ जाड होतात, डोळे बारीक होतात. पोर जन्मते ती आईचं सगळं देखणेपण अंगावर घेऊनच. प्रतिक्षा माहेरची रोह्याच्या आतल्या गावची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. चेहरा असा रेखीव की लग्नात फोटोवाल्यानं नवऱ्याचे फोटो काढायचेच राहून गेले होते. अशा आईचं रूप घेणारी पोर कशी निघेल, याचा विचार करत सगुणा भाकऱ्या थापायची आणि भाकऱ्या मोठ्या व्हायच्या.

सातवा सरता सरता प्रतिक्षाचा चेहरा सुजायला लागला.

"आई, बांगड्या निघत नायत," प्रतिक्षा सकाळी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गो. भरलेला हात बरा दिसतो."

"चप्पल पण जात नाय पायात."

"प्रविणची घाल."

मग प्रतिक्षा प्रविणची कंपनीची जाड चप्पल घालून अंगणात फिरायची, आणि सगुणा तिच्याकडं ओटीवरून बघत राहायची. शेजारची सरू आली की तिला हळूच दाखवायची. "बघ. काल नाकाचा शेंडा दिसत होता, आज तो पण घेतलान."

"लय हुशार हाय पोर," सरू म्हणायची. "काय सोडत नाय."

प्रतिक्षा हसायची. ती वाईट वाटून घ्यायची नाही. सासू इतक्या आनंदानं कुणाची वाट बघते आहे, हे तिनं आजवर कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. तिच्या मैत्रिणींच्या सासवा मुलगा पाहिजे म्हणून डोकं खात होत्या. आपली सासू मुलगी मागते, मग आपण दोन महिने सुजून राहिलो तर काय बिघडलं, असा तिचा सरळ हिशेब होता. रात्री फक्त डोकं दुखायचं. तेवढं ती सांगायची. त्यावर सगुणा म्हणायची, पोरीला केस येत असतील.

नमिता गावची आशा ताई, आरोग्य खात्याची. ती आली ती गुरुवारी, आणि चहाला नाही म्हणाली तिथंच खरं म्हणजे समजायला पाहिजे होतं. तिनं प्रतिक्षाच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या चिखलात पाय रुतावा तसा.

"हिला उद्या पेणला न्या, आई. बीपी बघायला पाह्यजे, लघवी तपासायला पाह्यजे. उपकेंद्रातली सिस्टर रजेवर हाय, मशीन तिच्या कपाटात."

"अगो, पोर रूप घेते," सगुणा म्हणाली.

"पायाची सूज येगळी, तोंडाची येगळी. आणि डोकं दुखतंय म्हणते ती. बीपी चढलं की झटके येतात. बाई जाते, बाळ जातं. मी ट्रेनिंगला ऐकलंय, उगाच बोलत नाय."

"तुझ्या ट्रेनिंगला पोरं किती झाली?"

"मला दोन हायत."

"दोन्ही पोरगेच ना? मग तुला काय ठावं, पोरगी असली की काय होतं ते!"

काळुराम ओटीवर दाढी करत होता. नमितानं त्याच्याकडं वळून सांगितलं, की जेवणात मीठ पण जरा बेतानं ठेवा. काळुरामनं वस्तरा खाली ठेवला. त्याचा बाप मिठागरावर, आजा मिठागरावर. मीठ कमी करा हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. तो अर्ध्या दाढीनं आत निघून गेला.

शेवटी सगुणानं तोडगा काढला. रविवारी डोहाळजेवण. सगळ्यांना सांगून झालं होतं, डेकोरेशनवाला थर्माकोलची चंद्रकोर घेऊन येणार होता, रोह्याहून विहीण येणार होती. एकदा पेणला गेलं आणि त्यांनी ठेवून घेतलं तर? तेव्हा सोमवारी.

"सोमवारी नक्की?" नमितानं विचारलं.

"सोमवारी मी सोता घेऊन जातंय."

प्रविण रात्री शिफ्टवरून आला तेव्हा त्याला नमिताचा फोन येऊन गेला होता. तो म्हणाला, उद्या अर्धा दिवस रजा टाकतो. सगुणा म्हणाली, रजा बाळंतपणाला राखून ठेव, तीन दिवसानं काय फरक पडतो. आईनं आजवर किती बायकांची बाळंतपणं पाहिली, हे त्याला माहीत होतं. त्यानं रजा टाकली नाही.

शनिवारी विहिणीचा फोन आला. रंभा म्हणजे प्रतिक्षाची आई. तिलाही त्यातलं कळायचं. पण रोह्याकडची पद्धत वेगळी होती.

"फोटो बघितला पोरीचा," रंभा म्हणाली. "कशी फुगली हाय! मुलगाच."

"मुलगा कुठला, विहीणबाय? रूप घेतंय ते!"

"आमच्याकडं फुगली की मुलगा. मुलगा अंगानं भरतो, आत जागा पुरत नाय, मग आई फुगते."

"तुमच्याकडं डोंगर हाय, पाणी येगळं."

"मग उद्या वाट्या उघडल्या की बघू."

वाट्यांचा खेळ सगळ्यांना माहीत असतो. दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशी बाई एक उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या भरायचं काम घरच्या बाईचं. सगुणानं रात्री त्या स्वतः भरल्या. दोन्हींत बर्फी घातली. देवावर तिचा विश्वास होता, पण रोह्याकडच्या माणसांसमोर उगाच धोका कशाला घ्या.

रविवारी अंगणात मांडव पडला. प्रतिक्षाला हिरवी साडी, हिरवा चुडा. चुडा भरायला कासारणीला साबण, मग तेल, मग पुन्हा साबण लागला. फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, फुलांचा कंबरपट्टा. थर्माकोलच्या चंद्रकोरीपुढं तिला बसवली तेव्हा बायका म्हणाल्या, कोण गो ही? ओळखू येत नाय. सगुणाला यापेक्षा मोठं कौतुक ठाऊक नव्हतं.

"आई," प्रतिक्षा हळू म्हणाली, "डोळ्यांपुढं चमकतंय काहीतरी."

"काय चमकतंय?"

"काजवे. सकाळपासून."

 सगुणाकडं या खुणेचं उत्तर नव्हतं. डोकं, पाय, नाक, कूस, खाणं, सगळ्याचं होतं. काजव्यांचं तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं, सासूच्या सासूनं सांगितलं नव्हतं. चहूकडून बायका बघत होत्या, आणि समोर रंभाबाय वालाच्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"पोरीच्या लग्नातल्या लायटी त्या," सगुणा मोठ्यानं म्हणाली. "आतापासूनच लावल्यान."

मांडव हसला. सरूनं टाळी दिली. सगुणापण हसली. इतक्या वर्षांत तिचं चुकलं असेल, नसेल. पण स्वतःच्या मनानं तिनं एकही खूण कधी बनवली नव्हती. ही तिची पहिली.

ओटी भरून झाली. गाणी झाली. मग वाट्या आल्या. ताटात दोन वाट्या, दोन्हींवर उपडं झाकण, मध्ये पानसुपारी. बायका पुढं सरकल्या. एक म्हणाली डावी, एक म्हणाली उजवी. रंभा म्हणाली, कुणी बोलू नका, तिचं तिला उचलू द्या.

प्रतिक्षानं हात पुढं केला.

हात वाट्यांच्या मध्ये आला आणि ताटावर पडला. तिनं बोटं मिटली. बोटांत सुपारी आली. तिनं ती उचलून सासूच्या पुढं धरली.

"जुळं!" सरू ओरडली. "मधलं उचललान! जुळं गो जुळं!"

नुसता हशा. कुणी शिट्टी वाजवली. प्रतिक्षा सुपारी धरून बसली होती. ती हसत नव्हती. सगुणानं तिचे डोळे बघितले. ते ताटाकडं नव्हतेच. ते ताटाच्या पलीकडं, रंभाच्याही पलीकडं, कुंपणाकडं कुठंतरी लागले होते.

"प्रतिक्षा," सगुणानं दोन बोटं तिच्या तोंडापुढं धरली. "किती?"

"आई, कुठं?" प्रतिक्षानं विचारलं.

मांडवात अजून हसणं चालू होतं. सगुणा उठली. तिचा पाय ताटाला लागला, पानं सांडली.

"अक्षय! गाडी काढ!"

अक्षय म्हणजे चुलत दिराच्या चौघांपैकी एक, त्याच्याकडं भाड्यानं चालवायची इको गाडी होती. तो बाहेर जेवणाच्या पंगतीची भांडी उतरवत होता. त्यानं टोप तिथंच रस्त्यात ठेवले.

"विहीणबाय, थांबा, वाटी तरी उघडू द्या," रंभा म्हणाली, आणि मग तिनंही मुलीकडं बघितलं.  ती वालाच्या शेंगांची पिशवी हातात घेऊनच गाडीत बसली.

गाडी खाडीच्या बांधावरून हायवेला लागली. हायवेचं काम चालूच होतं, ते काम आमच्याकडं ऋतूसारखं असतं. प्रत्येक खड्ड्याला प्रतिक्षाचा फुलांचा एकेक दागिना सुटत होता. वाटेत मिठागरावरून घेतलेला काळुराम पुढं बसला होता, मिठागराच्या कपड्यांत, गुडघ्यापर्यंत पांढरा. सगुणानं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती एका पोटुशा बाईकडं बघत होती आणि काहीच ओळखत नव्हती.

दवाखान्याच्या फाटकावर वॉचमननं गाडी अडवली. फुलांचा मुकुट, हिरवी साडी, तोंडाला मेकप. "शूटिंगला साहेबांची परवानगी लागते," तो म्हणाला. काळुराम खाली उतरला. तो काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. वॉचमननं फाटक उघडलं आणि स्ट्रेचर ढकलायलाही तोच पुढं झाला.

आत डॉक्टरीण होती, तरुण, केस रबरानं बांधलेले. तिनं दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला आणि पुन्हा बघितला. मग ती भराभर विचारायला लागली.

"चेहऱ्यावर सूज कधीपासून?"

"संक्रांतीपासून," सगुणा म्हणाली. "आधी डोळ्यांखाली. मग नाक. मग ओठ."

"हातांना?"

"माघी गणपतीच्या आधी अंगठी निघायची. नंतर नाय निघाली."

"डोकेदुखी?"

"रोज राती. पुढच्या बाजूला, कपाळात."

"डोळ्यांसमोर चमकतं, असं म्हणाली?"

"आज सकाळपासून."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "इतकं नीट कुणी सांगत नाही. तुम्ही बघत होतात?"

"रोज बघत होतो."

"मग आणलं का नाही?"

सगुणानं तोंड उघडलं. तिच्या मागं काळुराम उभा होता, त्याच्या मागं रंभा, शेंगांची पिशवी घेऊन. "आमाला वाटलं, मुलगी हाय," सगुणा म्हणाली.

 डॉक्टरणीला यातून काय कळलं ते सांगता येत नाही. तेवढ्यात आतून सिस्टरनं हाक मारली, आणि पडद्याआड खाटेचं लोखंड भिंतीवर आपटायला लागलं. खड् खड् खड् खड्. हात, पाय, चुडा, सगळं एकदम. सगुणानं पडद्याखालून फक्त एवढंच बघितलं, की मोगऱ्याचा बाजूबंद जमिनीवर पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली आला.

सिस्टर सिरिंज घेऊन धावली. जाताना काळुरामनं तिला विचारलं, "ह्ये कसलं?"

"मॅग्नेशियम. झटके थांबवायला. एक प्रकारचं मीठच असतं, काका."

"जाडं का बारीक?"

सिस्टरला वाटलं माणूस भ्रमिष्ट झाला. पण तिचा स्वभाव चांगला असावा. "विरघळवलेलं," ती म्हणाली.

"हां," काळुराम म्हणाला आणि जाऊन बाकावर बसला. त्या घडीला त्या दवाखान्यात भरवसा ठेवायला त्याच्याकडं तेवढी एकच ओळखीची गोष्ट होती.

खडखड हळूहळू थांबली. डॉक्टरीण बाहेर आली. बाळ आत्ताच काढावं लागेल, ती म्हणाली. बाळ लहान आहे, पण ते आत राहिलं तर आई जाईल, आणि आई गेली तर दोघंही. काढल्यावरही आईचं खात्रीनं सांगता येणार नाही. सह्या लागतील.

प्रविण पहिल्या पाळीला होता. फोन गेला तेव्हा तो धाटावहून निघाला. नागोठणं, मग गडब, मग पेण. तो आला तो कंपनीच्या निळ्या कपड्यांत, हेल्मेट डोक्यावरच. त्यानं सही हेल्मेट घालूनच केली. आईकडं बघितलं, बोलला काही नाही. नमितापण आली होती. तीपण काही बोलली नाही. हे न बोलणं सगुणाला सगळ्यात जड गेलं. कुणीतरी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मग वाट बघणं. बाकावर एका टोकाला सगुणा, एका टोकाला रंभा.

फोन वाजला. सरूचा होता. मांडवातल्या बायका जेवल्या नव्हत्या, पण बसल्या होत्या, आणि बसल्या बसल्या कुणीतरी वाट्या उघडल्या होत्या. "दोन्हीत बर्फी निघाली गो!" सरू ओरडत होती. "जुळ्या पोरी! आमी काय सांगितलं!" फोनचा आवाज मोठा होता. रंभाला ऐकू गेलं. सगुणानं फोन बंद केला आणि खाली फरशीकडं बघत बसली.

"दोन्हीत तुम्हीच घातलीत?" रंभानं विचारलं.

"व्हय."

रंभानं मान हलवली. मग शेंगांच्या पिशवीत हात घातला. हातांना काहीतरी पाहिजे म्हणून एकेक शेंग सोलायला लागली. दाणे पदरात टाकत होती.

"माझी थोरली बहीण होती," ती म्हणाली. "मालू. अशीच फुगलेली. आम्ही सगळे मुलगा मुलगा म्हणून नाचत होतो. आजीनं तिच्या हातानं पाळण्याला दोरी बांधली."

"मग?"

"अशीच हात पाय झाडायला लागली. बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं."

"आणि पोटातलं?"

"मुलगाच होता," रंभा म्हणाली. "तोपण गेला. पण आजीचं सांगणं बरोबर निघालं. लोक म्हातारीला नावाजत होते, की कसं ओळखलान. मीपण तिच्याकडूनच शिकले."

सगुणानं मनातल्या मनात हिशेब मांडला. रोह्याकडं सूज म्हणजे मुलगा. पेणच्या खाडीकडं सूज म्हणजे मुलगी. मधे कुठंतरी, गडबच्या आसपास म्हणा, एखादं गाव असावं जिथं सूज म्हणजे सूज. ते गाव या दोघींना सापडलं नव्हतं. नमिता त्या गावचीच होती आणि तिला आपण विचारलं, तुला पोरं किती.

सगुणा उठली, नमिताच्या जवळ जाऊन उभी राहिली. "तू सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"बसा, आई," नमिता म्हणाली आणि तिला बसायला सरकून जागा दिली.

दार उघडलं. सिस्टरच्या हातात हिरव्या कापडात काहीतरी होतं, एवढंसं, वांग्याएवढं. "बाळाचे कपडे द्या," ती म्हणाली. "काचेच्या पेटीत ठेवायचंय." डोहाळजेवणात आलेल्या आहेरातली एक पिशवी गाडीत राहिली होती, ती अक्षय घेऊन आला. त्यात सगळे फ्रॉक. गुलाबी, झालरीचे. सिस्टरनं त्यातला एक काढला, उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "मुलगा आहे ना हो."

"ती कशी हाय?" सगुणानं विचारलं.

"बाळ? रडलं. वजन कमी आहे, पण..."

"ती. आमची प्रतिक्षा."

"अजून आत आहे."

सिस्टर फ्रॉक घेऊन गेली. एका लहानशा मुलानं आयुष्यातले पहिले काही तास झालरीच्या फ्रॉकमध्ये काढले आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. रंभा जिंकली होती. तिला ते लक्षात यायला दुसरा दिवस उजाडला, आणि तेव्हा ती बाथरूमचं दार लावून रडली.

डॉक्टरीण आली तेव्हा उन्हं उतरली होती. तिनं सांगितलं की रक्तदाब खाली यायला लागलाय, झटका पुन्हा आलेला नाही. पण धोका टळला असं समजू नका, बाळंतपणानंतरही झटका येतो. कुणी एकीनं आत जवळ बसा. बोलू नका जास्त. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा.

रंभा उठली. मग तिनं सगुणाकडं बघितलं आणि परत बसली. "तुम्ही जा," ती म्हणाली. "तुम्ही जास्त बघितलंय तिला."

सगुणा आत गेली. फुलं काढली होती. चुडा कापून काढला होता, मनगटावर तेवढ्या जागी वळ. चेहरा तसाच, सुजलेला, पिवळट. सगुणा स्टुलावर बसली आणि त्या चेहऱ्याकडं बघत राहिली. त्यातून काही ओळखायचं नव्हतं. कसलाच अंदाज करायचा नव्हता. फक्त श्वास वर जातो, खाली येतो, तेवढं बघायचं होतं, आणि ते इतकं अवघड असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

कितीतरी वेळानं प्रतिक्षानं डोळे किलकिले केले. ते सगुणाच्या तोंडावर येऊन थांबले. म्हणजे दिसत होतं.

"आई," ती म्हणाली. ओठ कोरडे होते. सगुणा पुढं वाकली. बाळंतीण शुद्धीवर आली की पहिला प्रश्न कुठला असणार हे जगाला माहीत आहे, आणि उत्तर सगुणाकडं तयार होतं.

"आई, डोकं दुखतंय."

सगुणा उठली. स्टूल मागं पडलं. इतक्या दिवसांत हे वाक्य तिनं रोज ऐकलं होतं. आज तिनं ते ऐकलं आणि ती पडदा बाजूला सारून, अनवाणी, वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरची माणसं उठून बसतील इतक्या मोठ्यानं ओरडली.

"सिस्टर! ओ सिस्टर! तिचं डोकं दुखतंय!"